येशूची पंगत

येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एकात, मार्कच्या शुभवर्तमानात, याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची गोष्ट येते. बारा वर्षांची लेक अगदी शेवटच्या घटका मोजतेय, म्हणून तो येशूला घरी न्यायला येतो. वाटेत गर्दी लागते, उशीर होतो, आणि निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता. येशू तरीही जातो. घरात आक्रोश चाललेला. तो सगळ्यांना बाहेर काढतो, आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतो, मुलीचा हात धरतो आणि त्यांच्या बोलीत म्हणतो, ‘तलीथा कूम’. पोरी, ऊठ. ती उठते, चालू लागते. सगळे थक्क होऊन बघत राहतात. मग येशू जे म्हणतो ते मला त्या चमत्काराहून मोठं वाटतं. तो म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या.

गेलेली पोर उठून उभी राहिलीय, आईबापांचं भान हरपलंय, आणि एवढ्या दिवसांच्या आजारानंतर हिला भूक लागली असेल हे त्या खोलीत एकट्या त्याच्याच ध्यानात येतं. देवाची थोरवी गायला बसलेला माणूस अशी गोष्ट मनानं रचत नाही. ते वाक्य कुणीतरी ऐकलं असणार आणि विसरू शकलं नसणार, असं मला मनापासून वाटतं.

मी ख्रिस्ती नाही. पण त्या वाक्यापासून मी चारही शुभवर्तमानं पुन्हा वाचायला घेतली, आणि या वेळी येशू कुठे, कुणाबरोबर आणि काय जेवतो एवढ्याकडेच लक्ष ठेवलं. तो सतत कुणाच्या तरी घरी जेवतोय. काना गावच्या लग्नात, जकातदाराच्या ओसरीवर, परूश्याच्या, म्हणजे शुद्धतेचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाच्या, मेजावर, बेथानीत मार्था आणि मरीया या बहिणींकडे. त्याच्या गोष्टींतही मेजवान्या आहेत, पिठात कालवलेलं खमीर आहे, परत आलेल्या पोरासाठी कापलेलं पोसलेलं वासरू आहे. लोक त्याला काय म्हणायचे ते त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय: खादाड, दारुडा, जकातदारांचा आणि पाप्यांचा मित्र. बाप्तिस्मा करणारा योहान रानात टोळ आणि मध खाऊन राहिला, तर त्याला भूत लागलंय म्हणाले. हा चारचौघांत बसून जेवला, तर हे म्हणाले.

येशूचं चरित्र म्हणून ज्याची खात्री देता येते ते थोडक्यात आटोपतं. मत्तयाच्या सांगण्यानुसार तो हेरोद राजाच्या हयातीत जन्मला, आणि हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. म्हणजे त्याच्या नावानं चालणारा सन सुरू होण्याच्या चार-सहा वर्षं आधीच त्याचा जन्म झाला होता. हा सन सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या एका साधूनं मोजला आणि त्याचा हिशेब थोडा चुकला. नासरेथ हे काहीशे वस्तीचं खेडं, ज्याचं जुन्या करारात नावही नाही. घरचा धंदा सुतारकामाचा, बांधकामाचा. तिशीच्या आसपास त्यानं घर सोडलं, फार तर तीनेक वर्षं तो हिंडला, बोलला, आजाऱ्यांना बरं करत राहिला. पंतय पिलात हा रोमन सुभेदार असताना, म्हणजे २६ ते ३६ या काळात, यरुशलेमेच्या वेशीबाहेर त्याला वधस्तंभावर खिळून मारलं. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरीयात सापडला. येशूनं स्वतः लिहिलेली एक ओळही उरलेली नाही.

तो ज्यांच्यात वावरला ती माणसं कशी होती, हे पुस्तकांपेक्षा एका होडीनं मला जास्त समजावलं. १९८६ साली मोठा दुष्काळ पडला आणि गालील सरोवराचं पाणी खूप आत गेलं. तेव्हा गिनोसारच्या किनाऱ्यावर दोन मच्छीमार भावांना चिखलात गाडलेली एक होडी दिसली. आठेक मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद, साधारण येशूच्या काळातली. मूळ फळ्या देवदाराच्या, फासळ्या ओकच्या. पण तिची इतक्या वेळा डागडुजी केलेली की दहा-बारा तऱ्हांचं लाकूड तिच्यात सापडलं; त्यात बोरीच्या जातीचंसुद्धा. जे हाताला लागलं ते ठोकून बसवलेलं. शेवटी ती दुरुस्तीच्याही पलीकडे गेली, तेव्हा कामाचे भाग काढून घेऊन सांगाडा तसाच सोडून दिला. अशा होड्यांवर पोट भरणाऱ्या माणसांच्या डोक्यावर हेरोदाचा मुलगा अंतिपा राज्य करत होता. त्यानं सेफोरिस पुन्हा उभारलं, सरोवराकाठी तिबिर्य हे नवं शहर वसवलं. त्या शहरांचा दगड न् दगड खेड्यापाड्यांतल्या करातून आला.

तो कर गोळा करणारा म्हणजे जकातदार. कफर्णहूमच्या नाक्यावर लेवी बसलेला असतो. येशू येतो, ‘माझ्यामागं ये’ म्हणतो आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला बसतो. नाक्यावर ज्यांची मासळी मोजून घेतली जायची ते शिमोन आणि अंद्रियासारखे कोळी त्याच्या शिष्यांत होतेच. त्यांना त्या रात्री लेवीच्या ताटातला घास कसा गिळवला असेल? शुभवर्तमानात याबद्दल एक अक्षर नाही, आणि मला ते फार जाणून घ्यावंसं वाटतं. परूशी काय म्हणाले तेवढं लिहिलंय. आपण पाहुण्यांकडे बघतो, रागावलेल्यांकडे बघतो, पण पंगतीत शेजारी मांडी घालून बसलेल्या जुन्या वैऱ्यांकडे कुणी बघत नाही.

परूशी काही दुष्ट नव्हते, हेही इथंच सांगायला हवं. मंदिरात याजक जी शुचिता पाळतात ती आपल्या घरात, आपल्या ताटापर्यंत आणावी, अशी त्यांची धडपड होती. हात कसे धुवायचे, भांडी कशी शुद्ध करायची, कुणाबरोबर बसायचं, यात त्यांची भक्ती होती. येशू त्यांच्याकडेही जेवायला जायचा. नाही म्हणायचा नाही. त्याचं आणि त्यांचं भांडण एकाच घरातल्या माणसांचं होतं; तोही यहूदी, तेही यहूदी. पुढच्या शतकांत ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी या भांडणाचा आधार घेऊन यहुद्यांचा जो छळ केला, तो येशूच्या पंगतीतला कुठलाच माणूस ओळखू शकला नसता.

यरीहोचा जक्कय तर जकातदारांचा मुख्य. गबर श्रीमंत आणि बुटका. गर्दीत काही दिसेना म्हणून पुढे धावत जाऊन तो उंबरावर चढतो. ते झाड आपल्या उंबराच्याच कुळातलं, तशीच खोडाला आणि जाड फांद्यांना लगडलेली फळं, फांद्या खाली आलेल्या, चढायला सोप्या. येशू झाडाखाली थांबतो, वर बघतो आणि नाव घेऊन म्हणतो, जक्कया, लवकर खाली ये, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. न बोलावता स्वतःहून पाहुणा. जमलेले कुरकुरतात. आणि मग जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो.

या गोष्टीतला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. येशूनं त्याला आधी हिशेब विचारला नाही. पैसे परत कर, मग येतो, असं म्हटलं नाही. योहानाची रीत वेगळी होती: आधी पश्चात्ताप, मग नदीत डुबकी. येशूकडे आधी पंगत, मग बाकीचं. आणि बाकीचं झालं नाही तर? तर तो धोका त्यानं पत्करलेला दिसतो.

शिमोन नावाच्या परूश्यानं एकदा त्याला जेवायला बोलावलं. गावात बदनाम असलेली एक बाई न विचारता आत आली, त्याच्या पायांशी बसून रडली, आसवांनी पाय भिजले ते तिनं केसांनी पुसले, वर सुगंधी तेल ओतलं. यजमान मनात म्हणाला, हा संदेष्टा असता तर ही कोण आहे हे याला कळलं असतं. येशू त्याला म्हणतो, ही बाई दिसते का तुला? मी तुझ्या घरी आलो, तू पाय धुवायला पाणी दिलं नाहीस.

हे वाचताना मला नगर जिल्ह्यातलं आमचं जुनं घर आठवतं. आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती शिक्षिका राहायच्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. नाताळात त्या करंज्या, चकल्या आणि घरी केलेला केक असं भरलेलं ताट विणलेल्या रुमालानं झाकून आणायच्या. आजी हसून ताट घ्यायची, ओट्यावर बसवून त्यांची चौकशी करायची, रिकामं ताट पाठवू नये म्हणून त्यात साखर घालायची. बाई वळल्या की ते सगळं गोठ्यात जायचं. त्यांना चहा दिला जायचा तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. आजी कुणाशी वाकडं बोलल्याचं मला आठवत नाही. अडल्यानडल्याला तिनं धान्य दिलं, बाळंतिणींची बाळंतपणं केली. आणि तरीही तो कप कोनाड्यातच राहिला. बाईंना हे माहीत असणार. गल्लीत असल्या गोष्टी कुणापासून लपत नाहीत. तरी दर नाताळात ताट यायचं.

येशूच्याही तोंडून एकदा असं काही निघालं होतं, आणि शुभवर्तमानकारांनी ते लपवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. सोर प्रांतात एक परक्या जातीची सुरफुनिकी बाई त्याच्या पाया पडते. लेकीला बरं कर म्हणते. तो म्हणतो, आधी मुलांना जेवू दे, मुलांची भाकर कुत्र्यांना घालणं बरं नाही. शब्द कठोर आहेत. पंडितांनी ते मऊ करून दाखवायची खटपट केलीय, पण ते मऊ होत नाहीत. ती बाई तिथल्या तिथं उत्तर देते: खरं आहे, पण मेजाखालची कुत्रीसुद्धा मुलांच्या हातून सांडलेला चुरा खातात. येशू तिला म्हणतो, या तुझ्या बोलण्यासाठीच जा, लेक बरी झाली. मार्कच्या सगळ्या शुभवर्तमानात वादात येशूला निरुत्तर करणारी हीच एक व्यक्ती आहे. पंगत किती लांब जाऊ शकते, हे इथे त्यालाही एका बाईनं दाखवलं असं मी समजते.

पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पाच भाकरी, दोन मासळ्या. येशूच्या पुनरुत्थानाशिवाय चारही शुभवर्तमानांत आलेला हा एकच चमत्कार. योहान सांगतो की भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या. मार्क सांगतो की लोकांना हिरवळीवर पंक्तीपंक्तीनं बसवलं. हे कसं घडलं असेल यावर मी डोकं शिणवत नाही. त्या पाच हजारांत कोण कोण होतं, कुणाचे हात धुतलेले होते, हे कुणी विचारलं नाही, एवढं मला पुरतं.

शेवटचं जेवण यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणातलं. त्या जेवणात उठून तो शिष्यांचे पाय धुतो, जे काम घरच्या दासाचं. पंगतीत यहूदा आहे, ज्यानं त्याला विकलंय. शिमोन पेत्र आहे, जो पहाटेआधी तीनदा म्हणणार आहे की मी या माणसाला ओळखत नाही. दोघांचंही येशूला माहीत आहे. दोघांनाही तो भाकर देतो. मला या घटनेचं वर्णन वाचताना दर वेळी थांबावं लागतं. मी कुणाला जेवायला बोलावते, कुणाला टाळते, याची माझी स्वतःची यादी मला नीट माहीत आहे.

त्या रात्री थंडी होती. प्रमुख याजकाच्या वाड्याच्या चौकात चाकरांनी कोळसे पेटवले होते आणि पेत्र त्यांच्यात शेकत उभा होता. तिथंच त्यानं नाकारलं. योहानाच्या शुभवर्तमानात असा कोळशांचा विस्तव पुन्हा एकदा येतो, अगदी शेवटी. येशूला मारलेलं आहे, थडगं रिकामं सापडलेलं आहे, आणि तरी पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. धंद्यावर परत. रात्रभर जाळ्यात काही येत नाही. उजाडताना किनाऱ्यावर कुणीतरी उभं दिसतं, विचारतं, पोरांनो, खायला काही आहे का? नाही म्हणतात. उजवीकडे जाळं टाका म्हणतो. जाळं भरतं. किनाऱ्याला लागतात तर कोळसे पेटलेले, त्यावर मासळी, शेजारी भाकर. ‘या, न्याहारी करा.’ कुणीतरी मासे मोजलेत, एकशे त्रेपन्न. कोळ्यांच्या गोष्टीत मासे मोजले जाणारच.

पेत्राला तो कोळशांचा वास ओळखीचा आला असेल. येशूनं मेलेल्यांतून उठून यावं आणि काय करावं, तर चूल पेटवावी, ही कल्पना कुणाही देवाबद्दल मी वाचलेली सर्वांत सुंदर कल्पना आहे. न्याहारी उरकल्यावरच तो पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तीनदा विचारतो. चौकातल्या त्या रात्रीचा उच्चारसुद्धा करत नाही. प्रत्येक उत्तरानंतर सांगतो, माझ्या कोकरांना चार, माझ्या मेंढरांना सांभाळ.

आणि हाच पेत्र पुढे अंत्युखिया शहरात काय करतो? बिगरयहुदी विश्वासणाऱ्यांबरोबर तो खुशाल जेवत असतो. मग यरुशलेमेहून काही माणसं येतात, आणि हा भीतीनं पंगतीतून उठून वेगळा बसू लागतो. पौल या दुसऱ्या प्रेषितानं त्याला सगळ्यांसमोर, तोंडावर सुनावलं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल हे स्वतः सांगतो. करिंथ शहरात तर वीसेक वर्षांतच प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या पंगतीचा, विचका झाला: सुखवस्तू मंडळी आधी येऊन खाऊनपिऊन तर्र, आणि काम संपवून उशिरा येणारे गरीब उपाशी. पौलाचं त्यावरचं पत्र आजही वाचताना त्याचा राग तापलेला लागतो. येशूचा वारसा म्हणजे मोठमोठी कॅथेड्रलं, चित्रं, संगीत, पोप, धर्मयुद्धं असं आपण मानतो, आणि ते सगळं आहेच. पण मला खरा वारसा या भांडणात दिसतो. पंगत मोडते, कुणीतरी ती मोडल्याबद्दल भांडतं, पुन्हा पानं मांडली जातात.

बाहेरच्या माणसानं पाहिलेली पंगतही आपल्यापर्यंत आलीय. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी आजच्या तुर्कस्तानातल्या आपल्या प्रांतातून सम्राट ट्राजनला लिहितो की हे ख्रिस्ती ठरलेल्या दिवशी पहाटेआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन जेवतात. जेवण साधंच, निरुपद्रवी. यातलं खरं काय ते काढून घेण्यासाठी त्यानं दोन दासींचे हाल केले. त्या दोघी त्या मंडळीच्या सेविका होत्या, म्हणजे तिथं त्यांना हुद्दा होता. त्यांची नावं त्यानं लिहिली नाहीत. इस्राएलातल्या मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ साली तिसऱ्या शतकातल्या प्रार्थनास्थळाची फरशी सापडली. रंगीत खड्यांत ग्रीक अक्षरं आहेत: देवावर प्रीती करणाऱ्या अकेप्तूस नावाच्या बाईनं देव येशू ख्रिस्ताला स्मरण म्हणून मेज अर्पण केलं. तिला मेजच द्यावंसं वाटलं.

आपल्याकडे आल्यावर या पंगतीचं काय झालं, ते सुखाचं नाही. गोव्यातल्या कित्येक चर्चांमध्ये कन्फ्रारिया, म्हणजे सण-उत्सव चालवणाऱ्या भक्तांच्या संघटना, जातीवर बांधल्या गेल्या. कुठला सण कुणी साजरा करायचा हे जातीनं ठरलं. एका प्याल्यातून पिणारेही सोयरिकीला जात बघत राहिले. पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता तरी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढताना विधवा मुलींना सोवळ्यातला वेगळा स्वयंपाक करायची मोकळीक ठेवली, नाहीतर मुली आल्याच नसत्या. मला ती रमाबाईंची तडजोड वाटत नाही. ज्याच्या पंगतीला कुणी घाबरू नये, असं वाटणारं माणूस तेच करेल. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बाया घेऊन आल्या, आणि केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्या चुली पेटल्या. तिथं कोण कुठल्या जातीची हे विचारायला भुकेनं जागा ठेवली नव्हती.

आणि लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या कोसळल्या. काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळं सोडलं नाही, आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एक दिवस त्यांचं त्यांनाच उमगलं की जाती माणसांनी केल्या, आणि आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र राहावं ही त्यामागची कल्पना. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. बाप्तिस्मा न घेतलेली एक म्हणून मला तिथं जेवायला जायला आवडलं असतं. जाताना आमच्या गल्लीतल्या बाईंनाही बरोबर नेलं असतं.